प्रतिद्रव्याचा उतारा सांगितला, लागवड राहून गेली

मा. संपादक महोदय,

सविनय नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत प्रतिद्रव्यावर (साध्या द्रव्यासारखेच, पण उलट विद्युतभाराच्या कणांचे बनलेले द्रव्य) जो पानभर लेख प्रसिद्ध झाला, त्याविषयी हे पत्र आहे. मी वर्धा जिल्ह्यातील एका खेड्यात राहतो. एकतीस वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान व गणित शिकवून निवृत्त झालो असून थोडी कोरडवाहू शेती आहे. तिच्यात कपाशी आणि तूर असते. आपला अंक आमच्याकडे सकाळच्या एसटीने येतो आणि ग्रामपंचायतीच्या वाचनालयात दुपारपर्यंत त्याची पाने सुटी होतात, इतक्या हातांतून तो फिरतो. त्यात छापलेल्या ओळीला गावात किती वजन असते, हे आपणांस कळावे एवढ्यासाठीच हे सांगितले.

एका ग्रॅम प्रतिद्रव्यात हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बच्या जवळपास तिप्पट शक्ती असते, त्यावर शहरे चालतील, मंगळ काही आठवड्यांच्या अंतरावर येईल आणि महासत्ता त्याच्या अस्त्रांच्या मागे लागल्या आहेत, असा लेखाचा वरचा भाग होता. त्याच पानावर खाली उजव्या कोपऱ्यात चार ओळींची एक चौकट होती आणि कर्करोगाच्या पेट स्कॅन तपासणीत रुग्णाच्या शरीरात प्रतिद्रव्य सोडले जाते, असे तीत म्हटले होते. आमच्या शेजारच्या काकूंना डॉक्टरांनी नेमकी हीच तपासणी नागपूरला जाऊन करून घ्यायला सांगितली आहे. त्यांच्या मुलाने ते पान वरपासून खालपर्यंत एका दमात वाचले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या ओसरीवर येऊन तो म्हणाला, "गुरुजी, आईले नाही नेत मी आता नागपूरले. बॉम्बातलं औषध आंगात टोचते म्हणे." त्याला समजावण्यात माझे दोन दिवस गेले आणि तो अजून पुरता समजला आहे असे मला वाटत नाही. हे पत्र लिहिण्याचे खरे कारण ते आहे.

लेखातील आकडे चुकले आहेत अशी माझी तक्रार नाही. शक्तीचा आकडा बरोबर आहे. परंतु बियाण्याच्या जाहिरातीत एकरी उतारा मोठ्या अक्षरांत छापतात आणि लागवडीचा खर्च छापतच नाहीत, त्यातला हा प्रकार झाला. कपाशी पिकवणाऱ्या माणसाला उतारा ऐकून फसण्याची सवय आहे. पण निदान त्याला बियाणे, फवारणी, निंदण आणि वेचणीची मजुरी तोंडपाठ असते, त्यामुळे तो घरी येऊन हिशोब तरी मांडतो. प्रतिद्रव्याची लागवड त्याला कोणी सांगितलेलीच नाही.

प्रथम उताऱ्याचेच बोलतो, कारण तो खरोखरच थक्क करणारा आहे. पॉल डिरॅक यांनी 1928 साली इलेक्ट्रॉनचे जे समीकरण मांडले, त्यातून ऋण ऊर्जेच्या अवस्था निघत होत्या आणि त्यांचे करायचे काय हा प्रश्न होता. इलेक्ट्रॉनइतक्याच वस्तुमानाचा, पण धन विद्युतभाराचा एक कण असला पाहिजे, असे त्यांनी 1931 मध्ये सुचवले. पुढच्याच वर्षी अमेरिकेत कार्ल अँडरसन बाष्पाने भरलेल्या कोठीत अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांचे माग टिपत असताना त्यांना इलेक्ट्रॉनच्या उलट्या बाजूला वळलेला माग दिसला, तोच पॉझिट्रॉन. प्रोटॉनचा तसाच उलट भाराचा जोडीदार, प्रतिप्रोटॉन, सापडायला 1955 साल उजाडले आणि त्यासाठी बर्कले येथे मोठा त्वरक, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणारे यंत्र, उभारावा लागला. या कथेत आपल्या होमी भाभांचेही नाव आहे, ते लेखात यायला हवे होते. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून कसे विखुरतात याचे गणित त्यांनी केंब्रिजमध्ये केले, ते 1936 मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्या प्रक्रियेला आजही जगभर 'भाभा स्कॅटरिंग' म्हणतात. इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांची टक्कर घडवणाऱ्या यंत्रांत किती टकरी होत आहेत, हे मोजण्यासाठी त्याचाच आधार घेतात.

द्रव्य आणि प्रतिद्रव्य भेटले की दोन्ही नाहीसे होतात आणि त्यांच्या वस्तुमानाची ऊर्जा होते. एक ग्रॅम प्रतिद्रव्य एक ग्रॅम साध्या द्रव्याला भेटले, तर सुमारे पाच कोटी युनिट विजेइतकी ऊर्जा मोकळी होईल. स्फोटाच्या भाषेत ते 43 हजार टन टीएनटी या स्फोटकाइतके होते. चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र 2920 मेगावॅटचे आहे. ते पूर्ण क्षमतेने सतरा तास चालले की तेवढी वीज होते, आणि त्यासाठी कोळशाच्या किती मालगाड्या रिकाम्या होतात ते बल्लारपूर, वणीकडच्या वाचकांना मी सांगायला नको. एका बाजूला त्या मालगाड्या आणि दुसऱ्या बाजूला चिमूटभर वस्तू, हे चित्र मनावर पकड घेते यात नवल नाही. लेखकालाही त्यानेच धरले असावे.

पण कोळसा जमिनीत आहे आणि तो खणून काढावा लागतो. प्रतिद्रव्याची खाण कोठेच नाही. ते बनवावे लागते आणि ते बनवण्यासाठी जी ऊर्जा घालावी लागते, तिच्यापेक्षा जास्त ऊर्जा त्यातून कधीच परत मिळू शकत नाही. हा यंत्राचा दोष नव्हे, निसर्गाचा नियम आहे. उद्या शंभर टक्के कार्यक्षम यंत्र निघाले तरी जेवढे घातले तेवढेच परत येईल. म्हणजे ज्या अर्थाने कोळसा, डिझेल किंवा युरेनियम हे इंधन आहे, त्या अर्थाने प्रतिद्रव्य हे इंधनच नव्हे. ती फार तर वीज साठवण्याची एक बॅटरी आहे, आणि लेखात 'भविष्यातील इंधन' हा शब्द सात वेळा आला असताना ही एक गोष्ट एकदाही आलेली नाही.

बॅटरीही कशी आहे ते आता पाहू. जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत वेगवान प्रोटॉनांचा मारा इरिडियम धातूच्या लक्ष्यावर करतात. दहा लाख टकरींमागे जेमतेम एखादा उपयोगी प्रतिप्रोटॉन हाती लागतो. तो प्रचंड वेगात असतो, म्हणून वेग कमी करणाऱ्या वेगळ्या यंत्रात त्याला आणावे लागते. अशा तऱ्हेने साधारण दर शंभर सेकंदांनी तीन कोटी प्रतिप्रोटॉनांचा एक घास प्रयोगांना मिळतो. तीन कोटी हा आकडा ऐकायला भरघोस वाटतो; पण एका ग्रॅममध्ये सहावर तेवीस शून्ये इतके प्रतिप्रोटॉन बसतात. भागाकार मी शाळेतल्या जुन्या सवयीने फळ्यावर मांडावा तसा वहीत मांडला. एकही कण वाया न घालवता, एकही दिवस सुटी न घेता, या गतीने एक ग्रॅम जमवायला सुमारे 6300 कोटी वर्षे लागतील. विश्वाचे आजचे वय 1380 कोटी वर्षे आहे.

आता विजेचा हिशोब. या खटाटोपात घातलेल्या ऊर्जेचा साधारण अब्जांश भाग प्रतिद्रव्यात उतरतो. एका ग्रॅमसाठी ही वीज चंद्रपूरच्या केंद्रातून घ्यायची म्हटली, तर ते केंद्र पूर्ण क्षमतेने, एकही संच बंद न पडता, सुमारे पावणेदहा लाख वर्षे चालवावे लागेल. बुलडाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर अलीकडच्या मोजमापानुसार सुमारे 5 लाख 70 हजार वर्षांपूर्वीचे मानले जाते. ज्या दिवशी तो अशनी तेथे येऊन आदळला, त्या दिवशी चंद्रपूरचे सर्व संच सुरू केले असते, तर आजपर्यंत अर्ध्या ग्रॅमहून थोडे अधिक प्रतिद्रव्य तयार झाले असते, आणि ते परत जाळून केंद्राची दहा तासांची वीज मिळाली असती. हे गणित मी वाचनालयात सांगितले तेव्हा एक वयस्कर शेतकरी म्हणाले, "हे तं चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला झाला." मी त्यांना एवढेच म्हटले की, येथे मसाल्याचा भाव आपल्या म्हणीत मावणारा नाही.

जगात आजवर बनलेले सारे प्रतिद्रव्य एकत्र केले तर? अमेरिकेतील फर्मीलॅब येथील टेव्हाट्रॉन यंत्र 2011 मध्ये बंद झाले; तोपर्यंत तेथे झालेले प्रतिप्रोटॉन सारे मिळून सुमारे 15 नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या अब्जांश भागाच्या पंधरापट. सर्नमधील सुमारे एक नॅनोग्रॅम आणि जर्मनीतील डेझी प्रयोगशाळेतील पॉझिट्रॉन सुमारे दोन. यातले जवळपास सर्व तयार झाल्या झाल्या प्रयोगांत नष्टही झाले आहे. ते जपून ठेवले असते आणि आज एकाच वेळी वापरले असते, तर त्यातून पुरते एक युनिटही वीज निघाली नसती. आमच्या विहिरीवरचा पाच अश्वशक्तीचा पंप त्यावर जेमतेम पंधरा मिनिटे चालला असता. शहरे चालवण्याची गोष्ट करताना हा पंधरा मिनिटांचा आकडा शेजारी ठेवावा, एवढीच माझी विनंती आहे. किमतीचे म्हणाल तर 1999 मध्ये अमेरिकेत एका ग्रॅम प्रतिहायड्रोजनसाठी (प्रतिकणांपासून बनलेल्या हायड्रोजनसाठी) 62.5 लाख कोटी डॉलर असा अंदाज दिला गेला होता; तो आकडा लेखातही होता, पण 'जगातील सर्वांत महाग पदार्थ' अशा कौतुकाच्या सुरात. आमच्याकडे कापसाचा खर्च भावापेक्षा वर गेला की त्याला कोणी कौतुकाने महाग कापूस म्हणत नाही.

निसर्गात ते आयते मिळत नाही का, असा प्रश्न वाचनालयात एका अकरावीच्या मुलीने विचारला आणि तो मला फार आवडला. मिळते, पण कणाकणाने. केळ्यातील पोटॅशियमचा एक किरणोत्सारी प्रकार सव्वा तासाला एखादा पॉझिट्रॉन बाहेर टाकतो, आणि आपण ते केळे खाऊन खुशाल ढेकर देतो. मृगाच्या सुमारास आमच्या शिवारात जी वीज कडाडते आणि दरवर्षी कोणाचा तरी बैल, कधी माणूसही नेते, त्या वीजवादळांतही पॉझिट्रॉन जन्मतात. फर्मी नावाच्या उपग्रहाला गडगडाटी ढगांतून वर निघालेले पॉझिट्रॉन सापडल्याचे 2011 मध्ये जाहीर झाले, आणि 2017 च्या फेब्रुवारीत जपानच्या किनाऱ्यावर विजेच्या एका लोळानंतर हवेतील अणुकेंद्रांत घडलेल्या, पॉझिट्रॉन जन्माला घालणाऱ्या प्रक्रियांची खूण जमिनीवरच्या यंत्रांनी टिपली. विजेने माणूस मरतो तो मात्र विद्युतप्रवाहाने आणि उष्णतेने. पॉझिट्रॉनांचा त्यात काही हात नाही. पृथ्वीभोवती प्रतिप्रोटॉनांचा पट्टा आहे, असेही लेखात होते. तेही खरे आहे; फक्त पामेला या अवकाशातील उपकरणाला सुमारे अडीच वर्षांत तेथे अडकलेले 28 प्रतिप्रोटॉन मिळाले. अठ्ठावीस हजार नव्हे, अठ्ठावीस.

याच ओघात लोणारविषयी एक ओळ लिहिणे भाग आहे. ते विवर प्रतिद्रव्याच्या स्फोटाने झाले असावे, असा तर्क लेखाच्या शेवटी 'काहींच्या मते' म्हणून आला आहे. सैबेरियात 30 जून 1908 रोजी तुंगुस्का येथे सुमारे दोन हजार चौरस किलोमीटरचे जंगल आडवे झाले. त्याबाबत असा तर्क 1965 मध्ये तीन शास्त्रज्ञांनी खरोखरच मांडला होता आणि त्यांपैकी विलर्ड लिबी हे नोबेल विजेते होते. तो टिकला नाही. परंतु लोणारला तो लावण्यास काहीच आधार नाही. आघाताच्या प्रचंड दाबाने काच झालेले खनिज आणि वितळून थिजलेला बेसाल्ट तेथे सापडला आहे, आणि अशनीच्या आघाताचा हा पुरावा 1973 पासून छापील आहे. शेगावला जाताना लोणारही पाहून येणारी शेकडो विदर्भातील मुले हा लेख वाचतील, म्हणून ही ओळ दुरुस्त व्हावी.

आता अस्त्राचा भाग, ज्याने शेजारच्या मुलाची झोप उडाली. पुलगावचा दारूगोळा डेपो आमच्यापासून फार लांब नाही, त्यामुळे 'तिकडे हे ठेवलं असंल का?' हा प्रश्न गावात लगेच निघाला. उत्तर देताना मी त्यांना साठवणीचे सांगितले. तोफगोळा कोठारात ठेवला की तो वर्षानुवर्षे पडून राहतो. त्याला वीज लागत नाही. प्रतिद्रव्य कोणत्याही डब्यात ठेवता येत नाही, कारण डबा द्रव्याचाच असतो आणि भिंतीला स्पर्श होताच सारे संपते. म्हणून विद्युतभारित कण जवळजवळ संपूर्ण निर्वात जागेत, चुंबकीय आणि विद्युत क्षेत्राच्या पिंजऱ्यात, उणे 269 अंशांच्या आसपास थंड करून अधांतरी ठेवतात. सर्नमधील बेस या प्रयोगाने काही मोजके प्रतिप्रोटॉन अशा पिंजऱ्यात 405 दिवस सांभाळले, ही मोठीच कामगिरी आहे. पण ते मोजके आहेत. सारखा भार असलेले कण एकमेकांना ढकलतात, त्यामुळे पिंजऱ्यात गर्दी वाढवण्याला मर्यादा आहे. आणि भाररहित प्रतिहायड्रोजनचे अणू तर त्याहूनही कमी संख्येने अडकवता येतात. तसे 38 अणू 2010 मध्ये प्रथमच क्षणभर अडकवले तेव्हा ती जगभरची बातमी झाली होती. पिंजरा वाहनावर चढवून नेता येतो का, हे पाहण्यासाठी बेसच्या मंडळींनी 2024 च्या ऑक्टोबरमध्ये 70 साधे प्रोटॉन ट्रकमध्ये ठेवून सर्नच्या आवारात फिरवले.

याचा अर्थ असा की, ज्या क्षणी वीज जाईल आणि पर्यायी व्यवस्थाही बंद पडेल, त्या क्षणी हे अस्त्र शत्रूवर न फुटता ठेवणाऱ्याच्याच कोठारात फुटेल. आमच्याकडे शेतीपंपाला आठ तास थ्री फेज मिळते, तीही आठवडा बदलला की रात्रीची होते, आणि पावसाळ्यात डीपी जळाली की पंधरा दिवस अंधार. असे अस्त्र कोणी फुकट दिले तरी आम्ही ते वेशीच्या आत येऊ देणार नाही, हे मी गमतीने म्हटले. पण त्या गमतीत सगळी गोम आहे. संरक्षण खात्यांनाही ते तितकेच गैरसोयीचे आहे.

महासत्ता मागे लागल्या आहेत, या विधानात किती तथ्य आहे हेही सांगितले पाहिजे, कारण ते पूर्ण खोटे नाही. जिनिव्हातील आंद्रे ग्स्पोनर आणि ज्याँ-पिएर हुर्नी यांनी 1980 च्या दशकात दाखवले की, मायक्रोग्रॅमच्या (ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाच्या) आसपास प्रतिप्रोटॉन असतील तर त्यांनी हायड्रोजन बॉम्ब पेटवता येईल, म्हणजे त्यासाठी आधी लहान अणुबॉम्ब फोडण्याची गरज उरणार नाही. अमेरिकी हवाई दलातील केनेथ एडवर्ड्स यांनी मार्च 2004 मध्ये एका परिषदेत पॉझिट्रॉनवर आधारित अस्त्रांविषयी उघडपणे भाषण केले; त्याच ऑक्टोबरमध्ये सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल या वृत्तपत्राने त्याची बातमी केली आणि तोवर हवाई दलाने आपल्या माणसांचे याविषयी बोलणे बंद केले होते. पन्नास मायक्रोग्रॅम म्हणजे सुमारे दोन टन टीएनटी, हा त्यातला मोहाचा आकडा. मोह मला समजतो. पण एक मायक्रोग्रॅम म्हणजे मानवजातीने आजवर बनवलेल्या साऱ्या प्रतिद्रव्याच्या पन्नासपटींहून अधिक, आणि पन्नास मायक्रोग्रॅम म्हणजे अडीच हजारपटींहून अधिक. ज्यांच्याजवळ युरेनियम आहे आणि ज्यांनी ते 1945 पासून वापरण्याची तयारी ठेवली आहे, त्यांना विध्वंसासाठी प्रतिद्रव्याची वाट पाहण्याची गरज नाही. भीती बाळगायचीच असेल तर ती कोठारांत आज पडून असलेल्या अण्वस्त्रांची बाळगावी. त्यांना अत्यंत थंड पिंजरा लागत नाही, आणि नेमके तेच भयंकर आहे.

अंतराळयानाचे मात्र मी थोडे वेगळे मानतो. तेथे खर्चापेक्षा वजन महत्त्वाचे असते. हायड्रोजन व ऑक्सिजनच्या ज्वलनाच्या तुलनेत, किलोमागे, द्रव्य-प्रतिद्रव्याच्या जोडीत साडेसहाशे कोटीपटींहून अधिक ऊर्जा असते. ऑस्ट्रियन अभियंते ओयगेन झेंगर यांनी 1953 मध्ये निव्वळ गॅमा किरणांच्या झोतावर चालणारे यान कल्पिले. परंतु गॅमा किरण मागे वळवणारा आरसा नसतो, तेथे ते अडले. प्रतिप्रोटॉन वापरले तर पायॉन नावाचे कण निघतात, त्यांतले विद्युतभारित कण सेकंदाच्या सुमारे 26 अब्जांश भागापुरते जगतात, आणि तेवढ्या वेळात चुंबकीय नळकांड्यातून त्यांना एका दिशेला वळवता येणे तत्त्वतः शक्य आहे. पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात 1990 च्या दशकात आणखी काटकसरीची कल्पना पुढे आली : प्रतिप्रोटॉनांनी केवळ ठिणगी टाकायची आणि खरे इंधन म्हणून युरेनियम-मिश्रित गोळ्या वापरायच्या. शंभर-दोनशे वर्षांनी यातले काही उभे राहिले तर मला आनंदच होईल. मंगळ काही आठवड्यांवर येईल असे आज लिहिणे हे मात्र पेरणीआधीच गाडी बाजार समितीत नेऊन उभी करण्यासारखे आहे.

आणि आता पेट स्कॅन, जिथे प्रतिद्रव्य खरोखर कामाला लागले आहे. माझे थोरले बंधू तीन वर्षांपूर्वी या तपासणीतून गेले, तेव्हा मी सोबत होतो. सकाळपासून उपाशी राहावे लागते. रक्तातील साखर तपासतात. मग शिरेतून एक औषध देतात आणि तासभर शांत पडून राहायला सांगतात. ते औषध प्रतिद्रव्य नसते. ती ग्लुकोजसारखीच एक साखर असते, तिला फ्लोरिन-18 हा किरणोत्सारी अणू जोडलेला असतो. कर्करोगाच्या बहुतेक गाठी साखर अधाशीपणाने ओढून घेतात, म्हणून ते औषध तेथे जास्त जमते. फ्लोरिनचा अणू विघटन पावतो तेव्हा एक पॉझिट्रॉन जन्मतो, जेमतेम एखादा मिलिमीटर सरकतो, शरीरातलाच एखादा इलेक्ट्रॉन त्याला भेटतो आणि दोघे नाहीसे होऊन दोन गॅमा किरण विरुद्ध दिशांना निघतात. भोवतीच्या कड्यातील यंत्र दोन्ही बाजूंना एकाच क्षणी आलेल्या किरणांची रेघ जोडते, आणि अशा असंख्य रेघा जेथे एकमेकींना छेदतात तेथे ते औषध जास्त जमलेले असते. म्हणजे बंधूंच्या शरीरात त्या तासाभरात डिरॅकचे समीकरण अब्जावधी वेळा खरे ठरत होते, आणि ते मात्र चहा कधी मिळेल असे विचारत होते.

या औषधाचे बळ दर 110 मिनिटांनी निम्मे होते. त्यामुळे ते सायक्लोट्रॉन या कणांना वेग देणाऱ्या यंत्राच्या साहाय्याने बनले की लगेच निघावे लागते. वाटेत गाडी अडकली तर औषध वाटेतच विझत जाते. त्या दिवशी औषधाला उशीर झाला, आमच्यासारखे दुरून आलेले सहा-सात रुग्ण दुपारपर्यंत उपाशी बसले आणि कारण कोणी सांगितले नाही. हे 110 मिनिटांचे गणित भिंतीवर लिहिलेले असते तर त्यांचा निम्मा राग गेला असता. खेड्यातल्या रुग्णाला तपासणीसाठी नागपूर गाठावे लागते याचे एक मोठे कारणही हेच आहे.

शेजारच्या मुलाला मी जो हिशोब दाखवला, तो येथे देतो. नेहमीच्या एका मात्रेतून जन्मणाऱ्या साऱ्या पॉझिट्रॉनांची ऊर्जा, त्यांच्यासोबत नष्ट होणाऱ्या इलेक्ट्रॉनांसह, एका ज्यूलहूनही कमी भरते. एक संत्रे झाडाच्या खालच्या फांदीवरून जमिनीवर पडताना जेवढी ऊर्जा असते, साधारण तेवढी, आणि तीही एकदम नव्हे, काही तासांत हळूहळू. बॉम्बाशी त्याचे नाते एवढेच की, दोन्हींना वस्तुमानाची ऊर्जा होण्याचे एकच सूत्र लागते. किरणोत्सर्गाचा धोका अगदी शून्य असतो असे मी म्हणणार नाही; म्हणूनच डॉक्टर ही तपासणी गरज असेल तरच सांगतात, गर्भवतीला सहसा टाळतात, आणि घरी आल्यावर काही तास लहान मुलांना मांडीवर घेऊ नका म्हणतात. पण तो धोका नेहमीच्या क्ष-किरण तपासण्यांच्या जातीचा, पण साध्या क्ष-किरण फोटोहून बराच मोठा आहे. तो हिरोशिमाच्या जातीचा नाही. गाठ कोठवर पसरली आहे हे न कळता उपचार सुरू करण्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा आहे.

तेव्हा आपणांस दोन विनंत्या आहेत. लोणारची ओळ दुरुस्त करावी. आणि त्या चौकटीच्या जागी पेट स्कॅनमध्ये शरीरात नेमके काय टोचतात, उपाशी का राहायचे, औषधाला उशीर का होऊ शकतो आणि घरी आल्यावर काय पाळायचे, एवढे साध्या मराठीत, नागपुरातील एखाद्या अणुवैद्यक तज्ज्ञाकडून तपासून घेऊन छापावे. बॉम्बाचे चित्र त्याच पानावर नसावे. काकूंची तपासणी पुढच्या मंगळवारी ठरली आहे. त्याआधीचा रविवार साधता आला तर तो अंक मी स्वतः वाचनालयातून उचलून त्यांच्या मुलाच्या हातात देईन. माझ्या शब्दापेक्षा आपल्या छापील अक्षरावर त्याचा अधिक विश्वास आहे.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक,
जिल्हा वर्धा